लांब सोलो म्हणजे निव्वळ वेग नव्हे

गिटारचा लांब सोलो (एकट्या वादकाचे उत्स्फूर्त वादन) म्हणजे निव्वळ बोटांच्या वेगाचे प्रदर्शन, असे मत मांडले जाते. ते खोडून काढायला एकट्या रॉक गिटारवादक ड्युएन ऑलमनचे उदाहरण पुरेसे आहे. त्याच्या ऑलमन ब्रदर्स बँडच्या मार्च 1971 मधील न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहातील ध्वनिमुद्रणात 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' ही सुमारे 13 मिनिटांची रचना आहे. तीत आधी बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्स, मग ग्रेग ऑलमनचा ऑर्गन आणि त्यानंतर ड्युएन येतो. एखादी छोटी स्वरावली घोळवत, मध्ये श्वासापुरती जागा सोडत तो हळूहळू वर चढतो आणि ताण टिपेला पोहोचला की तिथे रेंगाळण्याऐवजी जवळजवळ कुजबुजीपर्यंत खाली उतरून बढत पुन्हा नव्याने सुरू करतो. जाझ वादक माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांचे ऋण त्याने स्वतःच मान्य केले होते, आणि एकाच मोडवर (स्वरसप्तकावर) दीर्घकाळ टिकून राहण्याचा हा संयम तिथूनच आलेला दिसतो. ग्रेटफुल डेड या बँडचा गिटारवादक जेरी गार्सियाचे 'डार्क स्टार' त्या मानाने फारच भटकते (चाहत्यांनी राग मानू नये). ज्यांना बांधणी ऐकायची आहे, त्यांनी ड्युएनबरोबरच त्याच्या मागचे दोन ड्रमरही लक्ष देऊन ऐकावेत, कारण त्याच्या प्रत्येक चढउताराला ते तत्क्षणी साथ देतात.