शब्दचर्चा: पाचही खंडांत की सातही महाद्वीपांत?

दुभाषी
एका स्पॅनिश कादंबरीचा अनुवाद करते आहे. नायक मालवाहू जहाजावरचा खलाशी. एका प्रसंगी तो म्हणतो, "पाचांपैकी चार खंड पाहून झाले, आता ओशनिया तेवढा राहिला." मी वाक्य तसंच ठेवलं. संपादकांकडून मजकूर परत आला तेव्हा तिथे 'सातांपैकी सहा' झालेलं आणि 'खंड'च्या जागी सगळीकडे 'महाद्वीप'. समासात शेरा: 'वाचकाला चूक वाटेल.'

सातांपैकी सहा म्हटलं की हा माणूस अंटार्क्टिकालाही जाऊन आला असं होतं. पुढच्याच प्रकरणात तो सांगतो की आपण जन्मात बर्फ पडताना पाहिलेला नाही! स्पॅनिश शाळांत अमेरिका हा एकच खंड शिकवतात, आणि ओशनिया म्हणजे ऑस्ट्रेलिया व पॅसिफिकमधली बेटं. अंटार्क्टिका धरला तर सहा, वस्ती नाही म्हणून सोडला तर पाच. लेखकाने चूक केलेली नाही.

माझे प्रश्न दोन. आकडा बदलावा का? आणि 'महाद्वीप' हा शब्द मराठीत चालतो का?

मुद्रितशोधक
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. 'महाद्वीप' हिंदीतून येतोय, गेल्या काही वर्षांत तर फारच. बातम्यांत 'भारतीय उपमहाद्वीप' दिसलं की मी 'उपखंड' करतो आणि ते पुन्हा बदलून येतं. आपल्याकडे आशिया खंड, खंडवहन (खंडांचं सरकणं), आंतरखंडीय क्षेपणास्त्र, खंडप्राय देश अशी अख्खी शब्दांची शिडी उभी आहे. त्यातली एक पायरी काढून दुसरीकडची का बसवायची? गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ, सगळ्यांकडे खंडच आहे. मल्याळममध्ये भूखंड. बंगालीत महादेश. महाद्वीप म्हणणारी हिंदी या रांगेत वेगळी आहे, आपण नव्हे.

कोशप्रेमी
मुद्रितशोधक, महाद्वीप हिंदीचा म्हणून हाकलून देण्याआधी शब्दाचा इतिहास पाहा. पुराणांत पृथ्वी सप्तद्वीपा आहे: जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर. समुद्रांनी वेढलेले जे सर्वांत मोठे भूभाग, ते द्वीप. जंबुद्वीपाचे पोटविभाग म्हणजे वर्षे, आणि त्यांतल्या भारतवर्षाचे पुन्हा नऊ भाग. 'भरतखंड' हा शब्द या उतरंडीत फार खाली येतो. खंड म्हणजे मोठ्या वस्तूचा तुटलेला भाग. मूळ धातूच तोडणे या अर्थाचा. खंडन, खंडित, अखंड सगळे त्यातूनच. तेव्हा जो भाग द्वीपापेक्षा लहान, त्यालाच आपण आज सर्वांत मोठ्या भूभागाचे नाव देऊन बसलो आहोत. हिंदीने केले ते परंपरेला धरून आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि द्वीप = द्वि + अप्, ज्याच्या दोन बाजूंना पाणी. फारसीतून आलेला 'दुआब' अगदी याच दोन तुकड्यांचा आहे, दोन आणि पाणी. एकाच मुळातून निघालेल्या दोन भाषांनी एक शब्द जमिनीच्या बेटासाठी ठेवला आणि दुसरा दोन नद्यांमधल्या पट्ट्यासाठी.

निरंजना
कोशप्रेमी काका, दुआबाचं फार आवडलं. पण मग गंमत बघा, युरोपीय भाषांतला शब्द नेमका उलट्या टोकाचा आहे. लॅटिनमध्ये 'तेरा कोन्तिनेन्स' म्हणजे सलग, एकमेकांना धरून असलेली जमीन. त्यांनी 'अखंड' म्हटलं, आपण त्याचं भाषांतर 'खंड' केलं! एकाच वस्तूला एकाने जोड पाहून नाव दिलं, दुसऱ्याने तोड पाहून.

मुद्रितशोधक
म्हणूनच म्हणतो, व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवू नका. 'खंड पडला' म्हणजे मधे थांबलं, 'खंड तिसरा' म्हणजे ग्रंथाचा भाग, 'जमीन खंडाने दिली' म्हणजे ठरावीक मोबदल्यावर कसायला दिली. चारही अर्थ मराठी माणूस एका दिवसात वापरेल आणि कुठेही अडणार नाही. पुराणातल्या उतरंडीशी आजच्या भूगोलाच्या पुस्तकाचा संबंध काय?

नकाशेवाली
मी भूगोल शिकवते, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर बोलते. मुलं दरवर्षी विचारतात की युरोप वेगळा खंड कसा, मधे समुद्र कुठाय? दर वेळी नकाशा उलगडून सांगावं लागतं की समुद्र नाहीच. उरल पर्वत, उरल नदी, कॅस्पियन, कॉकेशस, काळा समुद्र अशी माणसांनी जोडत नेलेली रेघ आहे. ही उरलची रेघ अठराव्या शतकातली. रशियाच्या कैदेत राहिलेल्या फॉन स्ट्रालेनबेर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याने १७३० साली छापली, आणि रशियन इतिहासकार तातिश्चेव म्हणत राहिला की कल्पना माझी. त्याआधी हद्द डॉन नदीवर मानत. ग्रीकांना तीनच भाग माहीत होते, युरोप, आशिया, लिबिया (म्हणजे आफ्रिका). आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच विचारून ठेवलंय की जमीन एक असताना तिला तीन नावं का, आणि तीही बायकांची का. त्याला उत्तर मिळालं नाही, आम्हालाही वर्गात मिळत नाही.

दुभाषी, तुमचे पाच बरोबर आहेत. ऑलिंपिकची पाच वर्तुळं याच मोजणीची: आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबेर्तांने ती १९१३ मध्ये आखली, झेंड्यावर १९२० च्या अँटवर्पच्या स्पर्धेत फडकली, आणि ती पाच खंडांची एकी दाखवतात. सात नव्हे. मुलांना हे सांगितलं की आधी त्यांचा विश्वास बसत नाही.

आणि रशियन लोकांनी हा पेच शब्दांनीच सोडवलाय. त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. 'मातेरिक' म्हणजे पाण्याने वेगळी झालेली प्रचंड जमीन. त्यात युरेशिया एक, दोन्ही अमेरिका वेगवेगळ्या. 'चास्त स्वेता' म्हणजे जगाचा भाग. त्यात युरोप आणि आशिया वेगळे, पण अमेरिका एक. दोन्ही पद्धतींनी बेरीज सहाच, पण सहा वेगळे!

कोशप्रेमी
हेच! नकाशेवाली ताईंनी माझे काम केले. मराठीतही दोन शब्द असताना एकालाच का राबवायचे? युरेशिया हा महाद्वीप, युरोप आणि आशिया हे त्याचे खंड. पुराणातली उतरंड जशीच्या तशी लागू पडते आणि मुलांचा प्रश्नही सुटतो.

अव्यय
काका, सुटत नाही. उद्या परीक्षेत 'महाद्वीप किती?' विचारलं तर हिंदी पुस्तक वाचलेलं मूल सात लिहील आणि तुमच्या हिशेबाने चूक ठरेल. शब्द असे वाटणी करून देता येत नाहीत. लोक वापरतात तो अर्थ. 'भूखंड' बघा ना. तो खंडवहनाच्या पुस्तकांत खंडासाठी वापरला जायचा. आज भूखंड म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे आफ्रिका येते? घर बांधायचा प्लॉट येतो, नाहीतर घोटाळा.

भूस्तर
भूखंड आमच्या विषयात अजून जिवंत आहे, 'भूखंडमंच' (खंडाच्या कडेचा उथळ समुद्राखालचा भाग) रोज म्हणतो. (समुद्रबूड जमीन हा त्याहून सुंदर शब्द आहे, तोही जपा.)

पण मला मोजणीबद्दल बोलायचंय. सगळे रेघांबद्दल बोलताय, खडकाबद्दल कुणीच नाही. भूशास्त्रात खंड ओळखायचा तो कवचावरून. समुद्रतळाचं कवच बेसाल्टी, जड, साधारण सात किलोमीटर जाडीचं. खंडीय कवच हलकं, ग्रॅनाइटसारख्या खडकांचं, तीस-चाळीस किलोमीटर किंवा त्याहून जाड. म्हणून ते वर उचललेलं राहतं. पाणी कुठपर्यंत चढलंय हा वेगळा मुद्दा. २०१७ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या एका गटाने झीलँडिया हा खंड मानावा असं याच आधारावर मांडलं. सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटर, त्यातलं ९४ टक्के पाण्याखाली. वर दिसतं ते न्यूझीलंड आणि न्यू कॅलेडोनिया. भोवतीच्या तळापेक्षा उंच, कवच जाड, खडक खंडाचे, सीमा स्पष्ट. मग आठ म्हणायचे का?

भूपट्टांवरून, म्हणजे कवचाच्या सरकत्या तुकड्यांवरून मोजावं तर आणखी पंचाईत. युरोप आणि बहुतेक आशिया एका पट्टावर, पण भारत आणि अरबस्तान वेगळ्या पट्टांवर, आणि सायबेरियाचं पूर्वेचं टोक चक्क उत्तर अमेरिकी पट्टावर. त्या हिशेबाने भारत खंड ठरतो, उपखंड नाही. 'उप' कशासाठी लावायचा, हे कुणी सांगेल का?

निरंजना
'उप' आकारासाठी असावा. पण मग ग्रीनलंड बेट आणि ऑस्ट्रेलिया खंड, ही रेघ कुठे मारली? ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, ऑस्ट्रेलिया ७७ लाखांच्या जवळ. मधे कुणीच नाही म्हणून निभावलं. मधल्या आकाराचं एखादं बेट असतं तर आज आणखी एक भांडण असतं.

गिरिमित्र
खंड कुठे संपतो यावर आमच्याकडे माणसांची आयुष्यं खर्च होतात, म्हणून लिहितो. प्रत्येक खंडाचं सर्वोच्च शिखर चढायचं, अशी मोहीम असते. डिक बास हा अमेरिकन गिर्यारोहक १९८५ मध्ये एव्हरेस्ट चढला आणि त्याची सात शिखरं पुरी झाली. त्याच्या यादीत ऑस्ट्रेलियाचं शिखर होतं कॉशिउस्को, २,२२८ मीटर, चालत जाता येण्यासारखं. इटलीचा गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर म्हणाला, खंड म्हणजे फक्त ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी नव्हे, न्यू गिनी बेटही त्यातच. मग शिखर होतं कार्स्टेन्झ पिरॅमिड, ४,८८४ मीटर, सरळ कातळकडा, दोराशिवाय जमत नाही. कॅनडाच्या पॅट मॉरोने १९८६ मध्ये ही यादी सर्वांत आधी पूर्ण केली.

युरोपचंही तेच. कॉकेशसची मुख्य धार हद्द मानली तर एल्ब्रुस, ५,६४२ मीटर, युरोपात. हद्द उत्तरेला कुमा-मानिच खोलगटातून नेली तर एल्ब्रुस आशियात आणि युरोपचं शिखर मॉं ब्लां, ४,८०० च्या थोडं वर. काहीजण दोन्ही चढून मोकळे होतात. मी एल्ब्रुसच्या बाजूचा आहे: पाणी जिथून दोन दिशांना उतरतं ती हद्द डोळ्यांना दिसते. मानिचच्या सपाटीत उभं राहून कुणी सांगावं की इथे खंड बदलला?

नकाशेवाली
गिरिमित्र, डोळ्यांना दिसतं हा निकष धरला तर उरलचाही विचार करावा लागेल. मधला उरल इतका ठेंगणा आहे की आगगाडीतून जाताना खांबावरची पाटी नसती तर कळणार नाही.

भूस्तर
आज ठेंगणा आहे, पण उरल ही दोन जुन्या खंडांच्या टकरीची वळी आहे. तीस कोटी वर्षांच्या आसपासची. रेघ माणसांनी मारली हे खरं, पण नेमकी शिवणीवर मारली.

दुभाषी
सगळं वाचते आहे आणि फार मोलाचं मिळतंय. पण वाक्य अजून तिथेच आहे. छपाईला जायचंय. 'पाचांपैकी चार' ठेवू ना?

अव्यय
ठेवा, आणि तळटीप द्या.

मुद्रितशोधक
तळटीप नको! कादंबरीत खलाशी बोलत असताना खालून भूगोल शिकवायचा नाही. वाक्यातच 'दोन्ही अमेरिका धरून' घाला.

दुभाषी
ते नाही घालता येत. दोन्ही हा शब्दच त्याच्या डोक्यात नाही, हाच तर मुद्दा आहे. त्याला अमेरिका एक दिसते. 'अमेरिकन' म्हणजे फक्त संयुक्त संस्थानांचा, असं कुणी म्हटलं की त्याचं डोकं फिरतं, तो सबंध प्रसंग आहे. आणि त्याची बाजू खरी आहे. १५०७ च्या वाल्डझेम्युलरच्या नकाशावर 'अमेरिका' हे नाव पहिल्यांदा आलं ते दक्षिणेकडच्या भूमीवर. उत्तरेला ते नंतर मिळालं, मर्केटरच्या १५३८ च्या नकाशात दोन्हीकडे दिसतं. ज्यांच्या जमिनीला नाव आधी मिळालं त्यांनाच आज ते वापरताना खुलासा करावा लागतो. मी आकडा बदलला तर त्याच्या तोंडून त्याचंच जग काढून घेतल्यासारखं होईल.

निरंजना
मग भांडा संपादकांशी. वाचकाला चूक वाटली तर वाटू दे, दोन पानांत त्याला कळेल. वाचकाला इतकं कच्चं का समजायचं?

कोशप्रेमी
आकड्याबद्दल दुभाषी ताईंशी सहमत. शब्दाबद्दल मुद्रितशोधकांशी मुळीच नाही. मात्र वरती अनेकांनी 'हा खंड', 'वेगळा खंड' असे पुल्लिंगी लिहिले आहे, त्याकडे लक्ष वेधतो. भूभाग या अर्थी खंड नपुंसकलिंगी आहे. 'आशिया हे सर्वांत मोठे खंड.' ग्रंथाचा तो पुल्लिंगी.

अव्यय
कुठल्या मराठीत? मी जन्मभर 'सर्वात मोठा खंड' ऐकलंय.

नकाशेवाली
पाठ्यपुस्तकांत दोन्ही सापडतं, एकाच पुस्तकातही. मी मुलांना 'हे खंड' सांगते, ती 'हा खंड' लिहितात, मी गुण कापत नाही.

मुद्रितशोधक
कापायला हवेत. 'खंड पडला' मधला खंड पुल्लिंगी, तिसरा खंड पुल्लिंगी, मग भूभागालाच नपुंसक का ठेवायचा? नियम एकच हवा: सगळीकडे 'तो'.

कोशप्रेमी
अर्थ बदलला की लिंग बदलते, हे मराठीचे वैभव आहे. ते सपाट करू नका. आणि ओशनियाचे काय करणार? दुभाषी ताईंच्या वाक्यात तो 'राहिला' आहे. खंड नपुंसकलिंगी धरले तर 'ओशनिया तेवढे राहिले' हवे.

निरंजना
काका, 'ओशनिया तेवढे राहिले' असं कुठलाही खलाशी म्हणणार नाही. 'आशिया'ला आपण काय लावतो? 'आशिया पेटला', 'आशिया जागा झाला'. नावाला पुल्लिंग, 'खंड' जोडलं की काही जणांचं नपुंसक. ओशनियालाही तेच लागू.

गिरिमित्र
पण तो ओशनिया की ओशियानिया? आमच्या मोहिमांच्या पत्रकांत दुसरं छापतात.