एमआरआय नॉर्मल, मग दादाला आवाज येतात कुठून?

धाकटी: दादाला स्किझोफ्रेनिया आहे. कुकरच्या शिट्टीतही त्याला शेजारच्या काकू नावं ठेवताना ऐकू येतात. एमआरआय मात्र नॉर्मल! पैसे पाण्यात गेले का?

जुना टेक्निशियन: नाही हो. गाठ, रक्तस्राव नाही एवढं त्यातून कळतं. त्यात आवाज कसे दिसणार? १९९३ साली लंडनच्या संशोधकांनी अशा १२ रुग्णांचं स्पेक्ट स्कॅन (मेंदूत रक्त कुठे जास्त जातंय ते दाखवणारं) केलं, एकदा आवाज येत असताना आणि नंतर ते थांबल्यावर. आवाज येताना मेंदूच्या ब्रोका नावाच्या भागातला रक्तप्रवाह वाढलेला. आपण बोलताना वापरतो तोच भाग!

धाकटी: अगंबाई! तेव्हा त्याचे ओठ हलतात. आम्ही त्यावरून ओरडायचो त्याला.

निळीशाई: निदान मात्र अजूनही स्कॅनवरून नाही, बोलून-विचारूनच होतं. गोळ्या चालू आहेत ना?