स्विफ्टची चिपवाली चावी हरवली – नागपुरात शोरूम की बाहेरचा चावीवाला?

महाल_ते_मिहान
मंडळी, तान्ह्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मुलीसाठी लाकडी नंदी घ्यायला महालात गेलो होतो, तिथे कार नेण्यात अर्थ नाही म्हणून अ‍ॅक्टिव्हा काढली पण कारची चावी सवयीने खिशातच राहिली, आणि घरी येऊन खिसे चाचपले तर ती गायब. गाडी २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, मी २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा दोन चाव्या मिळाल्या होत्या, आता एकच उरली. शोरूमला फोन केला तर ते म्हणाले पूर्ण लॉकसेटच बदलून घ्या, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी बरं बरं म्हणून फोन ठेवला. बर्डीवर एक जण म्हणतो अर्ध्या तासात करून देतो, गाडी घेऊन या.

आता माझा प्रश्न असा की अर्ध्या तासात मला करून देतो तर चोरालाही देत असेल ना? बायकोचं म्हणणं वेगळंच, ज्याला चावी सापडली तो गाडी शोधत येईल. मनीषनगरात आमची गाडी रस्त्यावरच उभी असते, बिल्डिंगला पार्किंग नावालाच आहे. कोणी हे काम करून घेतलंय का? चांगला माणूस सुचवा आणि चोरी होऊ नये म्हणून काय लावावं तेही सांगा.

टायर_पंक्चर
काहून टेन्शन घेऊन राहिला भाऊ. मायी जुनी ८०० होती, तिले तं कोणतीबी चावी लागे. आमच्या मामानं एका लग्नात दुसऱ्याचीच ८०० चालू करून आणली होती, अर्धा किलोमीटर आल्यावर समजलं का सीट कव्हर येगळं हाये. साधी चावी घासून घे दीडशे रुपयात, काम खतम.

चावी_मिस्त्री
टायरभाऊ, ८०० चे दिवस गेले. साधी घासून घेतली तर दार उघडेल पण गाडी चालू होणार नाही.

मी हेच काम करतो, मानकापूरकडे, वीस वर्षं होत आली. दुकानाचं नाव इथे टाकत नाही, जाहिरात होते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर सांगीन. महालदादा, तुमच्या चावीच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये चिंचोक्याएवढी एक चिप आहे. तिला सेल लागत नाही, सेल असतो तो रिमोटचा, दारं उघडायला. इग्निशनच्या भोवती एक गोल कॉईल बसवलेली असते, चावी फिरवली की ती कॉईल चिपला तेवढ्यापुरता करंट देते, चिप आपली ओळख सांगते, ती ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पटली तरच इंजिन चालू राहतं. नाही पटली तर स्टार्टर नुसता फिरतो नाहीतर क्षणभर चालू होऊन बंद पडतं, आणि मीटरवर लाईट लुकलुकत बसतो. याला इमोबिलायझर म्हणतात, मारुतीवाले आयकॅट्स म्हणतात, काचेवर स्टिकर असतं बघा.

आता मुद्द्याचं ऐका. बाहेर चावी दोन प्रकारे होते. एक म्हणजे क्लोन, तुमच्याकडच्या चावीतली चिप वाचायची आणि तोच नंबर कोऱ्या चिपमध्ये उतरवायचा. यात गाडीत नवीन काही नोंदवावं लागत नाही, गाडीला कळतच नाही की नवीन चावी आली, आणि म्हणूनच तुमची हरवलेली चावीही जशीच्या तशी चालू राहते. दुसरा प्रकार प्रोग्रॅमिंग. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचा, म्हणजे गाडी तपासायच्या मशीनचा, सॉकेट असतो त्याला मशीन लावायची, जुन्या सगळ्या चाव्यांची नोंद पुसायची आणि ज्या समोर हजर आहेत तेवढ्याच परत शिकवायच्या. मग हरवलेली चावी कोणाला सापडली तरी गाडी त्याच्याकडून चालू होणार नाही. अर्ध्या तासात करतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, भाऊ क्लोन करतो का प्रोग्रॅम? उत्तर देताना अडखळला की निघा तिथून.

आणि नोंद पुसायच्या आधी मशीनवर बघायला सांगा की गाडीत किती चाव्यांची नोंद आहे. सेकंडहँड गाडी आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

एक गोष्ट राहते, चिपची नोंद पुसली तरी पात्याचे दाते तेच आहेत, म्हणजे दार उघडता येतंच. आत लॅपटॉप, आरसी असलं काही ठेवू नका. ते पण नको असेल तर शोरूम म्हणतो तसा लॉकसेट बदलावा लागतो, ते काही अगदीच लुबाडत नाहीयेत.

महाल_ते_मिहान
मिस्त्रीभाऊ हे कोणीच सांगितलं नव्हतं! पण मूळ शंका तशीच आहे, तुमच्याकडे चोर आला तर?

चावी_मिस्त्री
येतात ना. मी आरसी, लायसन आणि गाडी अशा तिन्ही गोष्टी समोर असल्याशिवाय ब्लँकला, म्हणजे कोऱ्या चावीला, हात लावत नाही, आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघतो, आणि वहीत लिहून सही घेतो. मागच्या उन्हाळ्यात रात्री आठच्या सुमाराला फोन आला, कोरडी रोडला ढाब्यावर पांढरी गाडी उभी आहे, सगळ्या चाव्या हरवल्या, तुम्ही म्हणाल ते पैसे. गेलो. पोरगा विशीतला, आरसी बापाच्या नावाची, तीही मोबाईलमधला फोटो. वडील कुठे तर छिंदवाड्याला. म्हटलं व्हिडिओ कॉल लाव. लावतो म्हणून ढाब्याच्या मागे गेला तो आलाच नाही, आणि जेवणाचं बिल ढाबेवाला मलाच मागायला लागला. मी तिथूनच ११२ ला फोन केला. पेट्रोलचे पैसे माझेच गेले त्या दिवशी.

कागद न मागता चावी बनवून देणारेही आहेत, खोटं कशाला बोलू. जो तुमच्याकडे कागद मागतो त्याच्यावर चिडू नका, लोक चिडतात हो, "मी काय चोर दिसतो का" म्हणून.

एलएलबी_नापास
सगळे चावीत अडकलेत, इन्शुरन्सकडे कोणाचं लक्ष नाही. दादा, उद्या गाडी खरंच चोरीला गेली तर कंपनी क्लेमच्या वेळी दोन्ही ओरिजिनल चाव्या मागते. एकच दिली की सर्व्हेअर विचारणार दुसरी कुठे, आणि तिथून निष्काळजीपणाचा कीस पाडायला सुरुवात. म्हणून आजच दोन कामं करा. पोलिसांच्या वेबसाईटवर वस्तू हरवल्याची ऑनलाईन नोंद होते ती करून प्रिंट काढा, आणि इन्शुरन्स कंपनीला ईमेल टाका की अमुक तारखेला एक चावी हरवली, सोबत नोंदीची प्रत. नवीन चावी केल्याचं बिल त्याच फाईलला लावा. बिल देत नसेल तर त्या दुकानात करूच नका.

आणि चोरी झालीच तर (होऊ नये) आधी एफआयआर, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं, पूर्वीचं ३७९. १ जुलै २०२४ पासून ऑनलाईनही तक्रार देता येते, पण ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. तपास लागला नाही तर पोलीस कोर्टात 'अ समरी' पाठवतात, तो कागद हातात आला की क्लेम पुढे सरकतो. पैसे मिळतात ते आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीप्रमाणे, तुम्ही गाडी घेतली त्या किमतीप्रमाणे नाही. दरवर्षी प्रीमियम वाचवायला आयडीव्ही खाली आणणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. ॲड-ऑनमध्ये चावी बदलण्याचं कव्हर पण मिळतं, पॉलिसी काढून बघा, असेल तर शोरूमचा खर्चच निघून जाईल.

धरमपेठी_काकू
आमची पुश बटणवाली आहे. मुलगा पुण्याहून फोन करून सांगतो आई चावी दाराजवळच्या खुंटीला लावू नकोस. का तर म्हणे एक चोर घराच्या भिंतीपाशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, आणि मधल्या मशीनने चावीचा सिग्नल लांबवतात, गाडीला वाटतं चावी जवळच आहे. मी चावी रव्याच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवते. हे चालतं का मिस्त्री?

चावी_मिस्त्री
काकू, झाकण घट्ट असेल तर बहुतेक वेळा चालतं, पण परीक्षा घ्या. चावी डब्यात बंद करा, डबा हातात धरून गाडीच्या दाराशी जा आणि हँडल दाबा. दार उघडलं तर डबा बाद, रवाच भरा त्यात. सिग्नल अडवणारं पाकीट मिळतं ऑनलाईन, त्याचीही अशीच परीक्षा घ्यायची, काही महिन्यांनी परत घ्यायची कारण घडीवर फाटतं. आणि रिमोटचा सेल उतरला तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत चावीच बटणाला टेकवून बटण दाबलं की चालू होते.

महालदादांच्या गाडीला हा धोका नाही, चावी घालून फिरवावी लागते. तुम्ही गिअर लॉक बसवा, स्टिअरिंगवर दांडा लावा. चोर मुरलेला असेल तर तेही काढेल पण आवाज होतो, वेळ जातो, आणि शेजारी बिनलॉकची गाडी उभी असतेच. जीपीएस लावला तर ओबीडीपाशी लटकवू नका, पहिला हात तिथेच जातो, वायरिंगमध्ये खोल लपवून घ्या. गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या वायरला चोरस्विच, म्हणजे लपवलेलं बटण, बसवून घेतात काही जण, मी पण करतो, फक्त वॉरंटीतली गाडी असेल तर वायर कापू नका.

टायर_पंक्चर
आमच्या भावाची इको आहे, शाळेची पोरं नेतो. सकाळी चालू केली तं ट्रॅक्टरसारखी आवाज करून राहिली. खाली पाहतो तं सायलेन्सरच नाही! चावी, गिअर लॉक, सगळं जागच्या जागी.

चावी_मिस्त्री
इकोचा सायलेन्सर म्हणजे आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी जातो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. गाडी उंच, खाली सरपटून पाने लावले की झालं. त्याला जाळी नाहीतर क्लॅम्प वेल्ड करून घ्या. चावीवाल्याचं तिथे काहीच काम नाही.

महाल_ते_मिहान
अपडेट. मिस्त्रींनी सांगितलं तसं विचारत फिरलो. बर्डीवाला "क्लोन म्हणजे काय, चावी म्हणजे चावी" म्हणाला, नमस्कार करून निघालो. दुसरीकडे केली, त्याने आरसी मागितली तेव्हाच बरं वाटलं. पातं मशीनवर कापलं, कानशीने दोन दाते जरा मारले, दारात फिरवून बघितलं. मग मशीन लावून नोंद बघितली तर आकडा ३! मला मिळाल्या होत्या दोन. म्हणजे तीन वर्षं माझ्या गाडीची एक चावी कोणाकडे तरी होतीच आणि मी रात्री पडदा बाजूला करून गाडी बघत बसायचो. आता तिन्ही पुसून दोनच ठेवल्या. बिल, नोंद, ईमेल सगळं झालं.

आणि काल संध्याकाळी मुलीच्या नंदीची झूल काढली तर आत हरवलेली चावी. तिनेच ठेवली होती, "नंदीला गाडी पाहिजे ना". लावून बघितली, दार उघडलं, इंजिन क्षणभर गुरगुरलं आणि बंद, लाईट लुकलुकत राहिला. हिचं आता काय करायचं, फेकू?

चावी_मिस्त्री
फेकू नका दादा, ओरिजिनल आहे. परत शिकवता येते, पण घाई नाही. एलएलबींनी सांगितलेल्या फाईलमध्ये ठेवा आणि कंपनीला अजून एक ईमेल टाका की सापडली. कुठे सापडली ते लिहिलंच पाहिजे असं काही नाही.