माणूस बघून मत द्यायचं का नळ बघून?

भवानीपेठी:

परवा सोलापुरात आमच्या कोपऱ्यावर चहाच्या गाड्यापाशी तासभर भांडण झालं, विषय काय तर अमका नेता मोठा का तमका, आणि त्या तासाभरात पाणी, गटार, रस्ता ह्यातला एक शब्द कुणाच्या तोंडातून निघाला नाही. मी पण त्यात होतो, खोटं कशाला बोला. घरी आलो तर बायको पिंप घासत बसलेली. म्हणाली आज पाचवा दिवस, रात्री येईल, जागायची पाळी तुमची.

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं कॅलेंडर आहे, दूधवाल्याचे खाडे लिहायचं. त्यावर ती गेली दोन वर्षं पाणी आलं की निळ्या पेननं गोल करते, धार बारीक असली तर गोलाला खाली शेपूट काढते. मी रोज त्याच दाराआडून टॉवेल घेतो पण कधी नीट बघितलं नव्हतं. त्या रात्री जागायचंच होतं म्हणून गेल्या एप्रिलचं पान काढलं. सहा गोल, दोन शेपटाचे. बाजूला वेळ पण लिहिलीय, पहाटे ३.१०, रात्री पावणेबारा, एकदा तर भर दुपारी एक वाजता आणि पुढं लिहिलंय "घरी कोणी नव्हतं".

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मत मागायला येईल त्याच्यापुढं हे पान धरायचं आणि विचारायचं, ह्याचं तू काय करणार ते सांग, बाकीचं राहू दे. उजनी धरण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), उजनी ११७ टीएमसी, भाषणात ऐकून कान किटले, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे तळातलं सहज सोडता न येणारं पाणी, आहे हे स्टेजवरनं कोण सांगत नाही. आणि आपल्याला लागतं किती? उजनीतनं शहराला आणलेली नवी समांतर जलवाहिनी १७० एमएलडीची, म्हणजे दिवसाला १७ कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटर धरा आणि वर्षाचा हिशोब करा, सव्वादोन टीएमसी पण होत नाही. मग धरणात पाणी असताना माझा गोल पाचव्या दिवशी का? मला तरी वाटतं अडलंय ते टाक्यांत आणि गल्लीतल्या जुन्या लाइनीत, आणि त्यावर बोलायला नेता लागत नाही, वॉर्डातला माणूस लागतो.

टॉवेलवाला:

मालक, वहिनींना नमस्कार, कॅलेंडर एक नंबर. पण हिशोब अर्धाच केला तुम्ही. लाइन बदलायला पैसा कुठनं येतो? आधी जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) होती तेव्हा महापालिकेची स्वतःची कमाई होती, जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, ती पण गेली, २०१७ ला जीएसटी आलं आणि आता दर महिन्याला वरनं अनुदान येतं का बघत बसायचं. मोठी योजना म्हणली की मुंबईतनं सही पाहिजे. ती सही आणायची कुणी? ज्याची वट आहे त्यानं. आमच्या अक्कलकोट रोडला कारखानदार लोक एवढंच बघतात की ह्याचा फोन मंत्रालयात कोण उचलतं का. त्याला तुम्ही व्यक्तिपूजा म्हणा, आम्ही त्याला व्यवहार म्हणतो. चांगला अभ्यासू माणूस निवडून दिला आणि त्याची फाइल तीन वर्षं टेबलाखाली पडली तर त्या अभ्यासाचं काय लोणचं घालायचं?

आणि दुसरं, निवडून आल्यावर तो स्वतःच्या मनानं हात वर करतो असं वाटतं काय तुम्हाला? पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कुणीकडं द्यायचं तो आदेश, मोडला की नगरसेवकपद जातं, १९८६ चा कायदाच आहे आपल्याकडं. म्हणजे तुमचं पान बघून त्याचं मन बदललं तरी मत पक्ष सांगेल तिकडंच. मग पक्ष आणि पक्षाचा नेता बघितला तर चुकलं कुठं.

सात_रस्ता_अक्का:

टॉवेलवाले भाऊ बरोबर बोलतायत असं म्हणणार होते पण थांबा.

आमच्या मागच्या बोळात गटार तुंबतं, दरवर्षी, पहिला मोठा पाऊस झाला की. एक माणूस आहे, नाव नको, फोन केला की रात्री बारा वाजता पण येतो, लुंगी वर खोचून स्वतः उभा राहतो, माणसं लावून उपसून घेतो, जाताना सासूबाईंच्या पाया पडतो. सासूबाई वारल्या तेव्हा पण पहिला आला आणि तिसऱ्या दिवशी पण. सगळी गल्ली त्याच्यावर जीव टाकते. मी पण दोनदा त्यालाच मत दिलं आणि त्याची लाज वाटत नाही मला.

पण गेल्या पावसाळ्यात तो आला, चहा प्यायला, आणि मुलगी (कॉलेजला आहे) पटकन म्हणाली, काका, तुम्हाला दरवर्षी यावं का लागतं हो? तो हसला, आम्ही पण हसलो. नंतर रात्री मला झोप नाही. खरंच की, तो येतो म्हणून चांगला, पण पाइप सहा इंचाचा आहे आणि वर घरं वाढली तिप्पट, तो पाइप बदलला असता तर त्याला यायची गरजच पडली नसती, आणि आला नसता तर आम्ही मत दिलं नसतं. हे असं कोडं आहे. आता तुम्ही सांगा ह्यात माणूस बघितला का काम बघितलं? मला तर दोन्ही एकच वाटत होतं.

निवृत्त_मास्तर:

अक्का, तुमच्या मुलीला शाबासकी सांगा. एक व्यावहारिक अडचण मांडतो. २०१७ ला आपल्याकडं २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक होते, बहुतेक प्रभाग चार जणांचे. म्हणजे एका मतदारानं चार बटणं दाबायची. चार जागांना मिळून पंधरा-वीस उमेदवार, प्रत्येकाचं शपथपत्र वाचायचं, प्रत्येकाला कॅलेंडर दाखवायचं, कोण करणार? बिडी वळणाऱ्या बाईनं हजार बिड्या वळायच्या का हे वाचत बसायचं? लोक एक चिन्ह बघतात आणि चारही बटणं तीच दाबतात. तो अडाणीपणा नाही, वेळेचा प्रश्न आहे. शिवाय निवडून आल्यावर गटार कुणाचं हे विचारलं की चौघं एकमेकांकडं बोट दाखवतात.

आणि हेही विसरू नका, मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांच्या वर प्रशासकच होते. त्या काळातल्या गोलांचा जाब कुणाला विचारणार? नगरसेवकच नव्हता.

भवानीपेठी:

मास्तर, हा मुद्दा लागला. माझ्या एप्रिलच्या पानाचा मालक कोण हे मला पण सांगता येणार नाही.

टॉवेलवाले, वट पाहिजे हे मान्य. पण मग वटीचा तरी हिशोब मागा की. कुठली सही आणली, कधी, किती कोटीची, काम कुठपर्यंत आलं. "साहेबांचं वजन आहे" म्हणून सोडून द्यायचं आणि वजनकाट्यावर कधी चढवायचंच नाही, हे तुम्ही सुताच्या बाबतीत करता का? गाठोडं आलं की आधी तोलून घेता.

भीमाकाठचा:

शहरवाल्यांनो माझं पण ऐका, मी मंद्रूपकडचा. तुम्ही सगळे "स्थानिक प्रश्न, स्थानिक प्रश्न" करायलाय, पण कुणाच्या गावचा स्थानिक? आतापर्यंत सोलापूरला प्यायला म्हणून उजनीतनं नदीत पाणी सोडायचे, ते औज बंधाऱ्यापर्यंत यायचं. शहराला वर्षाला सव्वादोन टीएमसी पुरतं म्हणता, पण नदीतनं आणायचं तर एका पाळीलाच त्याच्या दुप्पट-तिप्पट जायचं, कारण मधी वाळू पिते, ऊन पितं, आणि आम्ही पितो. हो, आमच्या मोटारी चालायच्या त्यावर, लपवायचं काय. आमचा ऊस, आमच्या म्हशी. तुमची समांतर लाइन पूर्ण ताकदीनं चालली की तुमच्यासाठी नदीत सोडायचं कारण संपतं, मग भीमा उन्हाळ्यात कोरडी ठाक.

आता मी माझं कॅलेंडर घेऊन उभा राहिलो आणि तुम्ही तुमचं, तर दोन्ही खरे पुरावे आहेत का नाहीत? खासदार दोघांचा एकच. त्यानं कुणाचे गोल मोजायचे? तिथं शेवटी माणूसच बघावा लागतो, हा दोघांना बसवून मार्ग काढेल का एकाला टोपी घालेल. ते कागदावर दिसत नसतं, बाजारात, लग्नात, तो कसा वागतो त्यावरनं कळतं.

जुळे_सोलापूर:

भीमाकाठच्या दादांचा मुद्दा सगळ्यात जड आहे. उत्तर नाही माझ्याकडं.

मी फक्त चिमणीची आठवण करून देतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाला आडवी येते म्हणून पाडली १५ जून २०२३ ला. सोलापुरातनं गोव्याचं विमान उडालं ९ जून २०२५ ला. त्याच्या आधी गावात एक घर नव्हतं जिथं चिमणीवर भांडण झालं नाही, आणि कोण काय बोलणार हे तो कुठल्या गटाचा त्यावरनं तोंड उघडायच्या आधीच कळायचं. मी एकाला विचारलं, बाबा, धावपट्टी किती लांब आहे, विमान कुठलं उतरणार, उसाचं काय होणार? तो म्हणला, तू कुणाच्या बाजूनं आहेस ते आधी सांग. संपलं. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं खरं काहीतरी होतं, ते गटबाजीत कुणाला ऐकूच आलं नाही.

का_बे_सोलापुरी:

एवढं सगळं लिहिलं, आदल्या रात्री पाकीट येतं त्याचं काय बे? त्याचा गोल कुठल्या पेननं करायचा?

सात_रस्ता_अक्का:

लाल.

टॉवेलवाला:

😀 अक्का जिंकल्या.

बरं मालक, मी माझं मत बदलत नाही, वट लागतेच. पण तुमचं तोलून घ्यायचं वाक्य डोक्यात बसलं खरं. आमच्या इथं कुणीच लिहून ठेवत नाही, पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारायचं, तो म्हणतो "रात्री येईल", झालं. तुमच्या भागात चौथा दिवस आणि आमच्या भागात सहावा असेल तर निदान ते तरी कळू दे, म्हणजे साहेबांपुढं गेल्यावर "पाणी येत नाही" असं रडायच्या ऐवजी दोन कागद शेजारी ठेवता येतील. आमच्याकडं आज पहाटे ३.४० ला आलं. लिहून घ्या.

भवानीपेठी:

लिहिलं. धार कशी होती, शेपूट काढू का?

टॉवेलवाला:

नको, धार चांगली होती. मोटर लावली होती डायरेक्ट लाइनला.

निवृत्त_मास्तर:

म्हणजे शेपूट तुमच्या शेजाऱ्याच्या गोलाला.