मदत हवी आहे: ट्रोलिंग मोटरचे मागचे झाकण निघत नाही

तळकाठ:
होडीच्या ट्रोलिंग मोटरचा (होडी हळू चालवणारी बॅटरीवरची छोटी विद्युत मोटर) पाण्याखालचा भाग उघडायचा आहे. पंखा काढला, झाकणाचे दोन्ही लांब बोल्टही काढले, तरी मागचे झाकण जागचे हलत नाही. ज्यांनी स्वतः अशी मोटर उघडली आहे, त्यांनी कृपया लवकर सांगावे.

पानापक्कड:
मोटर कोणत्या तक्रारीसाठी उघडत आहात, हे आपण लिहिलेलेच नाही. ती खाऱ्या पाण्यात वापरता की गोड्या? झाकण गरम हवेने तापवून पाहावे. माझ्या अनुभवात ॲल्युमिनियमचे अडकलेले सांधे असेच सुटले आहेत.

जुनागळ:
तापवण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण उष्णतेने ऑइल सील (शाफ्ट म्हणजे पंख्याच्या दांड्याभोवतीची, पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) खराब होते. झाकणाखालची ओ-रिंग (सांध्यातली गोल रबरी कडी) चिकटलेली असणार, म्हणून लाकडी ठोकळा लावून झाकणाच्या कडेवर चौफेर हलके ठोके द्यावेत. मधल्या नळकांड्यावर मात्र घाव घालू नये, कारण आतले फेराइट चुंबक ठिसूळ असतात आणि त्यांचा टवका उडून आर्मेचरमध्ये (मोटरच्या आतल्या फिरत्या भागात) अडकू शकतो. त्याआधी पुढचे झाकण, नळकांडे आणि मागचे झाकण या तिन्ही भागांवरून एक सरळ रेघ ओढून ठेवावी, म्हणजे जोडताना ते पूर्वीसारखेच जुळतील.

पानापक्कड:
मी गरम हवा म्हटले होते, ज्योत नव्हे.

दीपस्तंभ:
बॅटरी डीप सायकल प्रकारची (वारंवार खोलवर उतरवता येणारी) आहे ना? वाहन सुरू करण्याची बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की लवकर निकामी होते.

तळकाठ:
बॅटरी उत्तम आहे आणि माझा प्रश्न झाकणाचा आहे. पाणी गोडे आहे. पंख्यामागे शाफ्टला तंगूस (मासेमारीचा नायलॉन धागा) घट्ट गुंडाळलेला सापडला. पहिल्या चार गतींवर मोटर फिरत नाही, पाचव्या गतीवर व्यवस्थित फिरते.

जुनागळ:
ही माहिती सर्वांत महत्त्वाची होती. पाच गतींच्या मोटरमध्ये कमी गतीसाठी वीज रोधक कॉइलमधून (प्रवाह कमी करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातून) जाते आणि सर्वाधिक गतीला ती थेट मोटरला मिळते. तेव्हा ब्रश (आर्मेचरला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि आर्मेचर चालू आहेत, संशय कॉइलवर किंवा तिच्या तारांवर आहे. ही कॉइल बहुधा ब्रशच्या टोकाकडे असते, त्यामुळे आर्मेचर बाहेर काढावेच लागेल. तंगुसाने सीलची कड कापली असण्याचीही दाट शक्यता आहे, म्हणून सील आणि दोन्ही ओ-रिंग नव्याच घालाव्यात.

तळकाठ:
ठोकळ्याने झाकण सुटले. आत तांबूस पाणी आहे आणि शाफ्टवर दोन पातळ वॉशर आहेत.

पानापक्कड:
वॉशरचा क्रम व बाजू दाखवणारे छायाचित्र आताच काढून ठेवावे. आर्मेचर ओढताना बोटे सांभाळावीत, कारण चुंबक त्याला झटक्याने परत आत खेचतात. कॉइलच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) लावून जोडणी अखंड आहे का, ते सांगावे.

जुनागळ:
कम्युटेटर (आर्मेचरवरचा, ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) आणि शाफ्ट यांच्यामध्येही तपासावे. तिथे जोडणी दिसता कामा नये. दिसली, तर आर्मेचर पूर्ण वाळवून पुन्हा मोजावे आणि त्यानंतरच नवीन सील मागवावे.