चर्चा : एक भाषा देश बांधते की तोडते? शेजारी देश बघून सांगा

रंकाळाकाठ (कोल्हापूर)
पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये आला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. आमच्या कट्ट्यावर त्यावरून अजून दोन तट आहेत. एका गटाचं म्हणणं, देश एक ठेवायचा तर भाषा एकच हवी. मला हे मुळीच पटत नाही. पाकिस्ताननं हेच केलं. मार्च १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन सांगितलं, राष्ट्रभाषा उर्दूच. तेव्हा देशातले निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलत होते. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५६ च्या घटनेत बंगालीला स्थान मिळालं, पण मनं तोवर दुरावली होती. श्रीलंकेनं १९५६ ला फक्त सिंहली राजभाषा केली. तमिळला तो दर्जा १९८७ मध्ये दिला, तेव्हा यादवी युद्ध पेटून चार वर्षं झाली होती.

शाहूपुरीकर
भावा, अर्धीच गोष्ट सांगितलीस. उर्दू मातृभाषा असणारे पाकिस्तानात आजही दहा टक्क्यांहून कमी आहेत. तरी पंजाबी, पठाण, बलुच एकमेकांशी बोलतात ते उर्दूतूनच. ती कुठल्याच मोठ्या प्रांताची नाही, म्हणून चालून गेली. नेपाळ बघ. २०२१ च्या जनगणनेत १२४ मातृभाषा नोंदल्या आहेत. घटनेनं सगळ्यांनाच राष्ट्रभाषा म्हटलंय, पण देशाचा कारभार नेपाळीत चालतो. चालणारच. १२४ भाषांत सातबारा कोण काढणार?

रंकाळाकाठ
उर्दू चालून गेली म्हणताय, पण १९७२ मध्ये सिंधनं सिंधीला राजभाषा केलं तेव्हा कराचीत दंगली झाल्या, माणसं मेली. आणि नेपाळी मातृभाषा असणारे नेपाळात जेमतेम ४५ टक्के. मैथिली, भोजपुरी, थारू बोलणाऱ्यांची तराईत मोठी वस्ती आहे. त्यांच्या पोरांनी पहिलीत काय करायचं? कारभाराची भाषा वेगळी आणि लेकराच्या पाटीवरची भाषा वेगळी. आपण दोन्हींची गल्लत करतोय, असं मला कळकळीनं वाटतं.

हिरण्यकेशी (गडहिंग्लज)
दादा, मला तुमच्या दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट दिसेना. आमच्या घरी कन्नड बोलतात, बाजारात मराठी. दोन्ही भाषा माझ्याच. भाषेसाठी रक्त सांडलं म्हणून बांगलादेशचं कौतुक करतो आपण. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन त्यांच्यामुळेच झाला, आणि ते योग्यच आहे. पण १९७२ मध्ये त्यांनी नव्या घटनेत सगळ्या नागरिकांना ‘बंगाली’ ठरवलं, तेव्हा चितगाव टेकड्यांतल्या आदिवासींचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा घटना समितीत उभे राहिले. आम्ही चकमा आहोत, बंगाली नाही, असं सांगून बाहेर पडले. चकमा, मरमा, गारो मुलांना आपल्या भाषेतलं पहिलं सरकारी पुस्तक मिळायला २०१७ उजाडलं. ज्यांनी जुलूम सोसला त्यांनीच पुढं दुसऱ्यावर तो केला.
बेळगाव-निपाणीत मराठी शाळा, मराठी फलक टिकावेत म्हणून कोल्हापूर पेटून उठतं. माझीही तीच इच्छा. मग जतच्या, अक्कलकोटच्या कन्नड शाळांसाठी आपल्यातलं कोण बोलतं?

शाहूपुरीकर
ताई, सीमाभाग वेगळा. तिथं १९५६ ला मराठी माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दुसऱ्या राज्यात घातलं. दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलू नका.

हिरण्यकेशी
प्रांत कुठला, हा वाद न्यायालयात आहे, तिथं चालू दे. सहा वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळतं? त्याला गुरुजींचं बोलणं समजलं पाहिजे, बस्स.

पंचगंगा_घाट
मी शाहूपुरीकरांच्या बाजूचा, पण कारण वेगळं. इचलकरंजीच्या मागावर बिहारी, ओडिया, कन्नडिग, मराठी एकत्र राबतात. मोडक्यातोडक्या हिंदीनं सगळ्यांचं भागतं. ती कुणी कायद्यानं लादलेली नाही, हे खरं. पण म्हणून ती शाळेत नकोच, हे मला मान्य नाही. मुकादमाशी मजुरीवरून भांडायचं तरी भाषा नीट यायला हवी. भूतानमध्ये घरात द्झोंगखा, शारचोप, नेपाळी असं काहीही असलं, तरी शाळा इंग्रजीतून चालते आणि तिथली राष्ट्रभाषा द्झोंगखा सगळ्यांनाच शिकावी लागते.

रंकाळाकाठ
त्याच भूताननं १९८९ च्या सुमारास शाळांतली नेपाळी बंद केली. पुढच्या काही वर्षांत एक लाखाच्या आसपास नेपाळी भाषक देशाबाहेर गेले आणि नेपाळच्या छावण्यांत राहिले. भाषा हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण ओळख पुसायला सुरुवात झाली त्यात शाळाही होती. मागावरची हिंदी माणसं आपापल्या गरजेनं शिकली, पाचवीपासून शाळेतही आहेच. पहिलीच्या पोराला तिची गरज कुठली?

पंचगंगा_घाट
त्याच्या बापाला पडली, त्यालाही पडेल. उशिरा शिकलो की बोलताना जीभ अडते. मी मत बदलणार नाही. पण हिरण्यकेशी ताईंनी जत-अक्कलकोटचं विचारलंय, त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.