समुद्रकिनाऱ्यावर लाईट स्टँड वाऱ्याने पडू नये म्हणून वजन किती आणि कुठे लावावे?

प्रश्न (छत्री_आणि_फ्लॅश):
नमस्कार. मी जुहू चौपाटीवर आणि वरळी सी फेसवर कुटुंबांची छायाचित्रे काढते. सोबत एक लाईट स्टँड, त्यावर फ्लॅश व त्याचा प्रकाश मऊ करणारी एक मीटर व्यासाची छत्री, आणि एक ट्रायपॉड असतो. गेल्या रविवारी संध्याकाळी स्टँडच्या पायावर चार किलोची वाळूची पिशवी ठेवलेली असूनही वाऱ्याच्या एका झोताने तो आडवा झाला. शेजारीच एक लहान मुलगी खेळत होती. तिला काही लागले नाही, पण तो क्षण अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी बोरिवलीहून लोकलने येते, त्यामुळे फार वजन वाहून आणणे मला शक्य नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (जुना_लाईटमन):
ताई, चार किलो का पुरले नाहीत, ते आधी हिशेबाने पाहू. ताशी २० किलोमीटर वाऱ्याला एक मीटरची छत्री समोर धरली, तर तिच्यावर साधारण दोन किलो वजनाइतका दाब येतो, आणि छत्री दोन मीटर उंचीवर असल्याने तोच दाब लांब तरफेसारखा काम करतो. स्टँडचे पाय मध्यापासून ५० सेंटिमीटर पसरलेले असले, तरी तीन पायांचा स्टँड दोन पायांच्या मधल्या बाजूला कलंडतो आणि तिथे आधार फक्त २५ सेंटिमीटरचा मिळतो. म्हणजे स्टँडचे स्वतःचे वजन धरून बुडाशी सुमारे १६ किलो हवेत. त्याऐवजी एक पाय वारा जिकडे वाहतो त्या दिशेला केला, तर निम्म्यात भागते. वजन उरलेल्या दोन पायांवर, म्हणजे वाऱ्याकडच्या बाजूला लावले, तर त्याहूनही कमी पुरते. माझ्या मते तुमची चूक वजनात कमी आणि पायाच्या दिशेत जास्त झाली असावी.

पिशवी पायावर अशी टाकावी की ती जमिनीला टेकणार नाही. टेकली की तिचा भार जमीन घेते, स्टँड नाही, आणि हे अनुभवी माणसांकडूनही सुटते.

मात्र वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या झोतापुढे पिशव्यांचा उपयोग नाही. तेव्हा छत्री उतरवावी आणि उघड्या फ्लॅशवर काम करावे.

उत्तर (लोकलने_येणारा):
पिशव्या रिकाम्या आणाव्यात आणि जुहूला तिथेच वाळूने भराव्यात. ओली वाळू कोरडीपेक्षा जड असते, त्यामुळे छोट्या पिशवीतही बरेच वजन मावते. काम संपल्यावर वाळू तिथेच ओतावी आणि पिशव्या घरी गोड्या पाण्याने धुवाव्यात, नाहीतर खारेपणामुळे चेन लवकर खराब होते. वरळीच्या फरसबंदीवर मात्र घडीच्या पाण्याच्या पिशव्या बऱ्या. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. पाणी जवळपासच्या दुकानातून घ्यावे, समुद्राचे भरू नये.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला बॅग टांगते, तेही चुकीचे आहे का?

उत्तर (जुना_लाईटमन):
चुकीचे नाही, पण मोकळी लोंबणारी बॅग वाऱ्याने झुलते आणि तिच्याबरोबर कॅमेराही हलतो. दोरी इतकी लांब ठेवावी की बॅगेचे बूड जमिनीला जेमतेम टेकेल. भार हुकावरच राहील, पण झोके थांबतील. मधला दांडा वर काढू नये आणि उंची पायांनीच वाढवावी. वाळूत पाय खचतात, म्हणून प्रत्येक पायाखाली प्लायवूडचा तुकडा घालावा.

आणखी एक सांगतो, कारण लहान मूल जवळ होते असे तुम्ही लिहिले आहे. चित्रीकरणात मोठ्या कापडी चौकटी उभारतो, तेव्हा कितीही वजन लावलेले असले तरी चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधतो आणि माणूस उभा करतो. तुमच्या कामालाही कुटुंबातल्या एखाद्या मोठ्या माणसाला स्टँडचा दांडा धरायला सांगण्यात संकोच वाटू देऊ नका. शक्य असेल तर सकाळी सातच्या सुमारास काम ठेवा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा जोर धरतो, सकाळी तो बहुधा शांत असतो, आणि इमारतींच्या मागून येणारे ऊनही त्या वेळी कोवळे असते.